आमचे हे, प्रभू आणि मी

आमच्या घरात तिघं राहतात. मी, आमचे हे आणि प्रभू येशू. त्यातले दोघं दिवसभर एकमेकांशी बोलत असतात आणि तिसरी शिलाई मशिनवर बसून शाळेच्या गणवेशांना कॉलर लावत असते. तिसरी कोण ते सांगायला नको.

आम्ही पिढीजात ख्रिस्ती. रविवारी उपासनेला जावं, संध्याकाळी घरातल्यांनी मिळून प्रार्थना करावी, जेवणाआधी उपकार मानावे, एवढं आमच्याकडे सगळेच करतात. मीही करते. पण आमच्या ह्यांचं प्रकरण वेगळं आहे. हे प्रभूबरोबर राहतात. आपण शेजाऱ्यांबरोबर राहतो तसं नव्हे, शेजारी निदान रात्री दार लावून घेतात. हे सकाळी डोळे उघडले की पांघरुणातूनच विचारतात, "मग, काय म्हंतोस?" लग्नानंतर पहिले काही दिवस मला वाटायचं, मलाच विचारतायत, आणि लाडानं अरेतुरे करतायत. मी लाजून "काही नाही" म्हणायचे. मग कळलं की माझा नंबर चहाच्या वेळी लागतो.

हे एसटीत कंडक्टर होते. बरीच वर्षं मंगळवेढ्याच्या गाडीवर. ह्यांचं गावही तिकडचंच. गाडी माणसांनी आणि ज्वारीच्या पोत्यांनी खच्चून भरलेली, दोन बायका खिडकीवरून एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बेतात, आणि हे मागच्या दाराला टेकून, मान जरा उजवीकडे कलती करून, ओठ हलवत उभे. प्रवाशांना वाटायचं, कंडक्टर मनात तिकिटं जुळवतोय. तसलं काही नसायचं. ह्या दोघींतली खरी कोण, हे प्रभूला विचारणं चाललेलं असायचं. निवृत्त झाल्यावर प्रवासी गेले आणि प्रभू तेवढा राहिला. मग काय, सकाळपासून गप्पा.

मान कलती झाली की समजायचं, लाइन लागली. मला त्या मानेचा भारी राग.

मंडईत वांगी घ्यायची तर हे हातात एक वांगं धरून उभे राहायचे. भाजीवाली पाहून पाहून कंटाळायची.

"काका, घेताव का नुस्तं बघताव?"

"थांब, इचारतो."

"कुनाला इचारताव? काकू तर हितंच हायत की."

काकूला कोण विचारतंय. काकू पिशवी धरायला. मग मान सरळ व्हायची, वांगं पिशवीत पडायचं आणि घरी चिरलं की त्यातून अळी निघायची. मी अळी ह्यांच्या पुढ्यात ठेवून म्हणायचे, "तुमच्या प्रभूनं दिलेलं घ्या." हे शांतपणे म्हणायचे, "अळी बी त्याचीच हाय." अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून?

प्रभूची मतंही मला जरा संशयास्पद वाटायची. डॉक्टरांनी सांगितलंय, संध्याकाळी एक फेरी मारून या, असं मी म्हटलं की मान कलती व्हायची, आणि प्रभूचं म्हणणं पडायचं की आज ऊन लई हाय. सोलापुरात ऊन लई नसतं कधी? पण कोपऱ्यावरच्या गाड्यावर मिरचीची भजी तळायला पडली की त्याच प्रभूची काडीचीही हरकत नसायची. मी एकदा विचारलंच, "तुमचा प्रभू नेमका तुमच्यासारखाच कसा हो?"

"लई दिस संग ऱ्हायलं की व्हतंय तसं," हे म्हणाले.

ह्यावर आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी काय उत्तर दिलं असतं ठाऊक नाही. मी आपली मशिनवर जाऊन बसले.

आणि सगळ्यात कहर म्हणजे हसणं. हे न्हाणीघरात एकटे हसायचे. दबक्या आवाजात, पोट धरून. मी बाहेरून दार वाजवायचे. "काय झालं?" आतून उत्तर, "काय न्हाय, त्याला एक गंमत सांगत व्हतो." ही गंमत मला कधी सांगितली नाही. नवऱ्याला एखादा विनोद सुचावा आणि त्यानं तो बायकोला सोडून देवाला सांगावा, ह्याचं मला वाईट वाटायचं. राग तर यायचाच, पण रागाच्या खाली वाईटच वाटायचं. दुसऱ्या बाईवरून भांडता येतं, माहेरी निघून जाता येतं. प्रभू येशूवरून माहेरी कशी जाणार? माझा भाऊ तर मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, खजिनदार.

खोटं कशाला बोलू, त्या बोलण्यात सगळी भजी आणि वांगीच नव्हती. आमच्या मंडळीत एक म्हातारे मास्तर आहेत, अंथरुणाला खिळलेले, घरी बघायला एक सून, तीही कामावर जाणारी. हे दर शनिवारी जाऊन त्यांची दाढी करायचे, नखं कापायचे, पाठ पुसायचे. कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "प्रभू म्हनला, मास्तरची नखं वाढल्यात."

"मला बरं तो कुणाच्या नखांचं सांगत नाही."

"तू इचारतीस कुटं?"

हे मला लागलं. कारण मी विचारून पाहिलं होतं. हे बाहेर गेले की मशिन थांबवून, इकडंतिकडं बघून, मी "प्रभू" म्हणायचे. एवढंच म्हणून होईस्तोवर डोक्यात यायचं की बॉबिनचा दोरा संपलाय, डाळ भिजवायची राहिलीय, शेजारणीनं आपली परात परत केलेली नाही. त्यातच पुन्हा भाषेची पंचाईत. नवऱ्याला जन्मभर अहो म्हणणारी मी, देवाला अरे म्हणताना जीभ अडखळायची. ह्यांची मात्र अशी ऊठबस, की एकाच ताटात जेवल्यासारखी. मी आपली रोज संध्याकाळी ह्यांची लांबलचक प्रार्थना ऐकायची आणि शेवटी आमेन म्हणायची. रेडिओ बंद करायचं बटण असतं ना, ते काम माझं.

मग गेल्या वर्षी काही गोष्टी घडायला लागल्या.

एकदा सात रस्ता चौकात सिग्नल हिरवा झाला तरी आमची स्कूटर जागची हलेना. मागं हॉर्नचा कल्ला. एक रिक्षावाला उतरून आमच्याकडे यायला लागला. मी पाठीत कोपर मारून म्हटलं, "अहो, चला की." हे म्हणाले, "बोलत व्हतो जरा." मी रिक्षावाल्याची माफी मागितली आणि वर मनातल्या मनात प्रभूलाही सुनावलं की रहदारीचं तरी भान ठेवावं.

दुसऱ्यांदा आम्ही एका साडीच्या दुकानापुढून चाललो होतो. हे थबकले, दोन पावलं मागं आले, आमच्या पद्धतीनं कपाळाला हात लावला आणि अदबीनं म्हणाले, "सलाम बाई. दोन रविवार झालं, उपासनेला दिसला न्हाईत." दारात उभी केलेली प्लॅस्टिकची बाहुली होती ती. इरकल नेसलेली. दुकानदाराचा नोकर हसून हसून खाली बसला. मी ह्यांच्याकडे पाहिलं तर मान कलती. म्हणाले, "प्रभू म्हनला, कुनाला बी सलाम करावा, आपलं काय जातंय?" मला ते इतकं पटलं की मी घरी येऊन शेजारणीला कौतुकानं सांगितलं. शेजारीण पद्मशाली, घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. ती म्हणाली, "अय्यो, काकांचं मन लई मोठ्ठं." मन मोठं होतं हे खरं. पण भानगड मनात नव्हतीच.

ती उघडी पडली हंगामाच्या सणाला.

हा आमचा सण बाहेरच्यांना फारसा माहीत नसतो. वर्षातल्या एका रविवारी मंडळीतले सगळे आपापल्या घरचं काहीतरी देवाला आणून देतात. कुणी ज्वारी, कुणी भोपळा, कुणी केक, कुणी अंडी. वेदीपुढं ढीग लागतो. उपासना झाली की बाहेर लिंबाखाली मांडव घालून त्याच वस्तूंचा लिलाव होतो आणि जमलेला पैसा मंडळीच्या कामाला जातो. शांत स्वभावाची माणसं त्या दिवशी एका कोथिंबिरीच्या जुडीवरून हमरीतुमरीवर येतात.

आम्ही त्या वर्षी आमचा कोंबडा दिला होता. देण्यात माझी भक्ती कमी आणि सुटका जास्त होती. तांबडा, अंगानं भरलेला, एका पायानं लंगडा आणि स्वभावानं अत्यंत नालायक. शेजारणीच्या वाळवणात शिरायचा, पोस्टमनच्या अंगावर जायचा, आणि ह्यांच्याशी तर त्याचं हाडवैर. हे अंगणात आले की नडगीवर चोच ठरलेली. सकाळी मीच त्याला पिशवीत घालून नेला आणि वेदीपुढं ठेवून सुटकेचा श्वास सोडला.

लिलावात कोंबड्याची पाळी आली. पाय बांधून त्याला टेबलावर ठेवलेला. मंडळीतले एक वडील (चर्चच्या कारभाऱ्यांना आम्ही वडील म्हणतो) बोली लावत होते. पाठीमागून कुणीतरी वाढवली. वडिलांनी वाढवली, पाठीमागून पुन्हा वाढ. मी चहाच्या किटलीपाशी होते. आवाज ओळखीचा वाटला म्हणून वळून पाहते तर आमचे हे. छाती काढून, एसटीतला राखून ठेवलेला आवाज लावून, आमच्याच कोंबड्यावर बोली लावतायत. मी लांबून हात हलवले, डोळे वटारले. ह्यांनी माझ्याकडे पाहून प्रेमानं मान हलवली आणि आणखी वाढवली. वडिलांनी हात टेकले. लिलाव पुकारणाऱ्यानं तीनदा म्हटलं आणि कोंबडा आमचा झाला, म्हणजे आमचा होता तो पुन्हा आमचा झाला.

हे कोंबडा छातीशी धरून माझ्याकडे आले. चेहरा नुसता फुललेला. "बघ, कसलं देखनं जनावर मिळालं. प्रभू म्हनला, हेच घे. आपलं ते लंगडं गेलं, त्याच्या बदल्यात देवानं हे दिलं."

तेवढ्यात कोंबड्यानं ह्यांच्या हाताला कडकडून चोच मारली. कोंबड्यानं ह्यांना ओळखलं होतं. ह्यांनी कोंबड्याला ओळखलं नव्हतं.

आजूबाजूचे हसत होते. पाळकसाहेबांनी तर तोंडाला रुमाल लावला. मीही हसायला सुरुवात केली, आणि मधेच माझं हसू थांबलं. हाताच्या अंतरावर तो कोंबडा होता. रोज अंगणात पाहिलेला. तांबडा, लंगडा. आणि हे त्याच्याकडे टक लावून पाहत होते, त्याच उजवीकडे कलत्या मानेनं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की ही मान हल्ली बोलण्यासाठी कलत नाही. डावा डोळा जरा बरा असेल, त्यातून बघण्यासाठी कलतेय. सिग्नल दिसला नव्हता. बाहुली दिसली नव्हती. वांग्याचं भोक दिसलं नव्हतं. किती वेळा प्रभू होता आणि किती वेळा डोळे, हे आता तो प्रभूच जाणे.

घरी आल्यावर शेजारीण कोंबडा पाहून म्हणाली, "अय्यो, पाहुणा आला का परत?" मी तिला डोळ्याच्या डॉक्टरांचा पत्ता विचारला.

दुसऱ्याच दिवशी मी ह्यांना ओढत डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला रोखठोक. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यातला पिकलेला. शिवाय उजव्या डोळ्यातला दाब वाढलेला. त्या म्हणाल्या, "मोतीबिंदू काढला की दिसेल. पण दाबामुळं जी नजर जाते ती कोणी परत आणू शकत नाही. आजोबा, ह्या महिन्यातच करून टाकू."

हे म्हणाले, "प्रभूला इचारून सांगतो."

डॉक्टरीणबाईंना वाटलं प्रभू म्हणजे आमचा मुलगा. त्या म्हणाल्या, "हो, त्यांनाही घेऊन या."

मग सुरू झालं वाट पाहणं. मी सकाळी विचारायचे, "काय म्हणाला?" हे म्हणायचे, "अजून काय बोलला न्हाय." दुपारी विचारलं तरी तेच. कोणतं दोडकं घ्यावं ह्यावर ज्याचं मत तयार असायचं, तो प्रभू डोळ्याच्या बाबतीत मूग गिळून बसला. पाळकसाहेब घरी येऊन गेले. डॉक्टरही देवानंच दिलेत, असं त्यांनी नीट समजावलं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "खरं हाय साहेब. त्यानं सांगू द्या, लगीच जातो." पाळकसाहेब चहा पिऊन परत गेले.

महिना उलटला. हे भिंतीला हात लावून न्हाणीघरात जायला लागले. चहात साखर म्हणून मीठ घातलं आणि मला कळू नये म्हणून सगळा चहा पिऊन टाकला. मी स्कूटरची किल्ली लपवली तर चालत निघाले, मास्तरांकडे. शनिवार होता ना. मी मागोमाग गेले. दारातून पाहते तर मास्तरांनी दोन्ही हात चादरीखाली घट्ट धरून ठेवलेले, आणि हे चादर चाचपत म्हणतायत, "मास्तर, हात द्या की, नखं काढतो." मास्तर माझ्याकडे बघून बारीक आवाजात म्हणाले, "बाई, गेल्या शनिवारी नखाबरोबर बोट पण काढत होते हो. वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." मी कात्री काढून घेतली आणि नखं मीच कापली. परत येताना हे एक शब्द बोलले नाहीत. माझ्याशीही नाही आणि त्याच्याशीही नाही. ओठ हललेच नाहीत. इतक्या वर्षांत ते ओठ बंद मी पहिल्यांदा पाहिले, आणि मला भीती वाटली.

त्या दुपारी मशिनवर बसल्या बसल्या माझ्या मनात पाप आलं. प्रभू ह्यांच्याशी बोलत नाही ना? मग माझ्याशी बोलला, असं सांगायचं. कोण तपासायला जातंय? मी सराव केला. "प्रभू मला म्हणाला, त्याला ऑपरेशनला ने." हे फार साधं वाटलं. "प्रभू मला स्वप्नात दिसला." छे, मी दुपारी झोपत नाही हे ह्यांना माहीत आहे. "मी कॉलर लावत असताना आवाज आला." मशिनच्या खडखडाटात मला दारावरची बेल ऐकू येत नाही, आकाशातला आवाज कुठून येणार? शेवटी ठरवलं, संध्याकाळच्या प्रार्थनेतच ठोकून द्यायचं. प्रार्थनेत कोणी कोणाची उलटतपासणी करत नाही.

संध्याकाळी आम्ही सतरंजीवर बसलो. ह्यांची प्रार्थना त्या दिवशी फारच आखूड झाली. पाहुणे, मंडळी, पाऊस, आमेन. मी आमेन म्हणण्याऐवजी म्हटलं, "थांबा. मला पण करायचीय." हे चकित झाले. मी डोळे मिटले, घसा साफ केला आणि खोटं बोलायला तोंड उघडलं.

आणि बाहेर पडलं ते भलतंच.

"प्रभू, मला तू काहीच सांगितलेलं नाहीस. ह्यांच्याशी बोलतोस, माझ्याशी बोलत नाहीस, ते असू दे. पण हे माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. मग तू गप्प का बसलायस? भजी खाऊ का म्हणून विचारलं तर लगेच हो म्हणतोस. ह्यांचा डोळा चाललाय, तुला दिसत नाही का? उद्या हे आंधळे झाले तर ह्यांना हाताला धरून मी नेणार आहे, तू नाही. माझे पण गुडघे दुखतात. मला भीती वाटते. तू एकदाचं सांगून टाक ह्यांना."

माझा आवाज इतका चढला होता की शेजारणीनं आपला टीव्ही बारीक केला. मी आमेन म्हणायलाही विसरले. डोळे उघडले तर हे सतरंजीच्या दशांना गाठी मारत बसलेले.

शेवटी एक गाठ घट्ट ओढून म्हणाले, "त्याची काय चूक न्हाय. मी त्याला इचारलंच न्हाय."

"म्हणजे?"

"बाकी समदं इचारतो. डोळ्याचंच इचारलं न्हाय. इचारलं असतं तर तो हो म्हनला असता."

मी सतरंजीवर ह्यांच्या जवळ सरकले. मग हळूहळू बाहेर आलं. ह्यांच्या वडिलांना ह्यांच्या लहानपणी कुठल्याशा डोळ्यांच्या शिबिरात नेलं होतं, शाळेच्या पटांगणात तंबू ठोकून भरलेल्या. वडील स्वतःच्या पायानं चालत गेले, डोळ्याला पट्टी बांधून बैलगाडीतून आले, आणि पट्टी निघाल्यावरही त्यांना काही दिसलं नाही. पुढं मरेपर्यंत ह्यांचा खांदा धरून चालले. लग्नाला तीसेक वर्षं झाली, मला हे ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "त्याला सांगितलंत हे कधी?" ह्यांनी नकारार्थी मान हलवली. "त्याला बी न्हाय. त्या वाटंला आमी जातच न्हाय."

"मग आता जा," मी म्हटलं. "मी बसते हितंच."

हे डोळे मिटून बसले. मान सरळ होती. फार वेळ लागला नाही. डोळे उघडून म्हणाले, "जा म्हंतोय. तुला संग ने म्हंतोय."

ऑपरेशनच्या दिवशी ह्यांना हिरवा झगा घातला, डोक्याला टोपी घातली आणि आत नेलं. मी बाहेर बाकावर. दहा मिनिटं झाली नसतील, आतून एक सिस्टर तरातरा बाहेर आल्या. "मावशी, तुमचे पेशंट सारखे कुणाशी तरी बोलायलेत. बोललं की डोकं हलतंय. मॅडम चिडल्यात. तुमी सांगा त्यांना."

मी अर्धवट उघड्या दारापाशी जाऊन उभी राहिले. आत प्रखर दिवा, आणि हिरव्या कापडाखालून ह्यांची दोन पावलं तेवढी दिसत होती.

"अहो," मी म्हटलं, "तोंड बंद ठेवा. प्रभूला म्हणावं, थोडा वेळ थांब."

कापडाखालून आवाज आला, "त्याला एकट्याला कसं ठिवायचं? मग तवर तू बोल की त्याच्याशी."

सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या. डॉक्टरीणबाई आतून म्हणाल्या, "हो, मावशी, बोला तुम्ही, पण बाहेर." दार लागलं.

मी बाकावर येऊन बसले. समोर पट्ट्या बांधलेले चारपाच लोक आणि त्यांचे नातेवाईक. आता नवऱ्यानं काम सोपवलं होतं, ते करणं भाग होतं. मी पदर जरा पुढं ओढला आणि म्हटलं, "प्रभू." बॉबिनचा दोरा आठवला. ह्या वेळी मी तेच सांगितलं, की बॉबिनचा दोरा संपलाय आणि शंभर कॉलर राहिल्यात. मग डाळीचं सांगितलं. परातीचंही सांगितलं, शेजारणीचं नाव घेऊन. एकदा सुरुवात झाल्यावर मला थांबता येईना. मनात तुंबलेलं होतं ते बदाबदा येत गेलं. त्या दारामागं माझा माणूस आहे, त्याला सांभाळ, त्याला काही झालं तर मी तुझ्याशी कधी बोलणार नाही, अशी दमदाटीही केली. मग लक्षात आलं की आजवर भांडण सोडलं तर कधी बोललेच नव्हते, आणि आज गप्पांच्या पहिल्याच दिवशी अबोल्याची धमकी देतेय. मला हसू फुटलं. शेजारच्या बाईंनी आपल्या मुलाला माझ्यापासून जरा लांब सरकवलं. मला काही वाटलं नाही. बाकावर मी एकटी बसलेली नव्हते. कसं कळलं विचाराल तर सांगता येणार नाही, पण नव्हते.

हे बाहेर आले ते डोळ्यावर पट्टी, चालताना सिस्टरचा हात धरलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झालं छान. उद्या पट्टी काढू. मला वाटतं नजर वाचलीय." मी ह्यांचा दुसरा हात धरला.

"काय काय बोललीस?" ह्यांनी विचारलं.

"बरंच. माझी ओळख करून द्यावी लागली पहिल्यापासून."

"वळख कशाला? त्याला समदं ठावं हाय तुझं." आणि हे असं काही बोलले की मी जागच्या जागी उभी राहिले. "रोज तुझंच तर बोलनं असतंय आमचं. माझ्याकडं दुसरं हाय काय सांगायला?"

"माझं? काय माझं?"

"समदंच. सकाळपासनं."

"म्हणजे मी तिकडं मशिनवर मरतेय, आणि तुम्ही दोघं माझ्या पाठीमागं माझ्याबद्दल बोलताय? काय सांगता त्याला?"

ह्यांच्या पट्टीखालचे ओठ हसले. "त्यालाच इचार की."

मी ह्यांना रिक्षात बसवलं, शेजारी बसले आणि खरंच विचारलं. रिक्षा खड्ड्यांतून उडत होती, बाजूनं उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून चालले होते, तरी मी विचारत राहिले. थोड्या वेळानं हे माझ्याकडे झुकून म्हणाले, "काय म्हंतोय?"

"गप्प बसा हो जरा," मी म्हटलं. "आमचं चाललंय."